घडी न उघडलेला तक्ता

अर्धशिशीचा त्रास मला पूर्वीपासून होता. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मात्र एका दुपारी वाचता वाचता अक्षरांच्या मध्ये एक चकाकता ठिपका दिसू लागला. तो पसरत जाऊन त्याची करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी रेघ झाली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ती विरल्यावर डोके ठणकू लागले. असे तीनदा झाल्यावर मी ते माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घातले. त्यांच्याच सल्ल्याने मी सहा वर्षे गर्भनिरोधक गोळ्या घेत होते आणि त्यांनी त्या त्याच दिवशी बंद केल्या. ज्या अर्धशिशीत आधी दृष्टीला अशी लक्षणे जाणवतात, तिच्यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गोळीमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा स्त्रियांसाठी ही गोळी चौथ्या वर्गात, म्हणजे अजिबात वापरू नये अशा साधनांत मोडते. हे सर्व त्यांनी मला घाई न करता, कागदावर आकृती काढून समजावून सांगितले. पुढे मला त्यांच्याविषयी तक्रारीच्या सुरात लिहायचे आहे, म्हणून त्यांचे हे ऋण आधीच नोंदवते.

गोळ्या बंद झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी तांबी बसवून घेतली होती. चौदा महिन्यांत पाळीचा रक्तस्राव इतका वाढला की हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेले आणि ती काढावी लागली. इस्ट्रोजेन नसलेली गोळी, इंजेक्शन आणि संप्रेरक सोडणारे गर्भाशयातील साधन हे पर्याय माझ्यासाठी खुले होते आणि डॉक्टरांनी ते सगळे सांगितले. पण आता कोणतेही संप्रेरक नको, असे मला वाटत होते. तो निर्णय माझा होता, त्यामागे वैद्यकीय सक्ती नव्हती, हेही स्पष्ट केले पाहिजे. तोवर आम्ही कंडोम वापरत होतो. मी त्यांना म्हणाले, ‘‘मला नैसर्गिक पद्धत नीट शिकायची आहे. सकाळचे तापमान आणि गर्भाशयमुखाचा स्राव या दोन्हींच्या नोंदी ठेवायची. तुम्ही मार्गदर्शन कराल का?’’

त्या हसल्या. ‘‘मग बाळंतपणासाठी नाव आत्ताच नोंदवून ठेवू का?’’ असे त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर कडवट नव्हता, घरच्या माणसासारखाच होता. पण मला तो लागला. मग गंभीर होऊन त्यांनी एक आकडा सांगितला. या पद्धतीने चालणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी चोवीस जणींना वर्षभरात दिवस राहतात. केस पेपरवर ‘गर्भनिरोधक साधन’ असा रकाना होता. त्यात त्यांनी ‘नाही’ असे लिहिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावण्यासाठी घंटा वाजवली.

तो ‘नाही’ मी घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत होते. मी साधन वापरणार नाही असे म्हटलेच नव्हते. एक साधन शिकून, ते काटेकोरपणे वापरू इच्छिते, एवढेच म्हटले होते. चोवीसच्या आकड्याने मात्र मी खरोखरच घाबरले होते, म्हणून तो कुठून आला हे शोधण्यात काही आठवडे घालवले. अमेरिकेतील गर्भनिरोधकांच्या अपयशाचा जो तक्ता पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापला गेला, त्याच्या 2011 मधील आवृत्तीत हा आकडा आहे. तो राष्ट्रीय पाहणीत स्त्रियांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरून काढलेला आहे आणि त्या पाहणीत ‘नैसर्गिक पद्धत’ सांगणाऱ्या बहुतेक स्त्रिया केवळ तारखा मोजत होत्या. तारखा मोजणे, स्राव पाहणे, तापमान व स्राव दोन्ही पाहणे, हे सगळे एका पोत्यात भरून निघालेला तो चोवीस. त्याच तक्त्यात थोडे खाली पाहिले तर नियम तंतोतंत पाळणाऱ्यांसाठी वेगवेगळे आकडे दिलेले आहेत: आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळण्याच्या पद्धतीसाठी 5, निव्वळ स्रावाच्या पद्धतीसाठी 3, आणि तापमान व स्राव यांच्या जोड-पद्धतीसाठी 0.4. शेवटचा आकडा जर्मनीतील एका मोठ्या अभ्यासातून घेतला आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 900 स्त्रियांच्या पाळीच्या 17,638 चक्रांची नोंद होती आणि नियम मोडणाऱ्या जोडप्यांसह सर्वांचा हिशेब धरला तरी वर्षाला शंभरात 1.8 स्त्रियांना नको असताना दिवस राहिले होते.

अर्थात हा आकडा पाहून हुरळून जाण्याचे कारण नव्हते. त्या स्त्रिया प्रशिक्षित मार्गदर्शकांकडून शिकलेल्या होत्या, स्वतःहून या पद्धतीकडे आलेल्या होत्या आणि त्यांतल्याही शंभरात नऊ जणींनी वर्षाच्या आत पद्धत आवडत नाही म्हणून ती सोडली. म्हणजे चोवीस हे माझे भविष्य नव्हते, तसेच 0.4 हेही मला फुकट मिळणारे नव्हते. दोन आकड्यांमधले अंतर शिकण्याने आणि शिस्तीने कापायचे होते, आणि शिकण्याचा प्रश्न आला की डॉक्टरांचे दार माझ्यासाठी बंद होते.

शेवटी मला शिकवले ते प्रसूतीशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या एका निवृत्त परिचारिकेने. त्यांची पहिली अट अशी होती की तीन चक्रे फक्त नोंदी ठेवायच्या, त्यांवर विसंबून काहीही करायचे नाही. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर उशाशी ठेवायचा, जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाणीही न पिता तो जिभेखाली धरायचा आणि आकडा लगेच लिहायचा. आकडा वाचून लिहिण्याचे काम माझ्या नवऱ्याने आपणहून घेतले, कारण झोपेतून उठल्याबरोबर मला चष्म्याशिवाय दिसत नाही. तक्त्यावर त्याच्या हस्ताक्षरातले 36.42, 36.38, 36.45 असे ओळीने लागलेले अंक आणि मग एखाद्या सकाळी अचानक 36.71, हे पाहण्याची आम्हा दोघांनाही सवय लागली. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीराचे विश्रांतीचे तापमान थोडे चढते आणि पुढची पाळी येईपर्यंत तसेच राहते. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वर असलेली तीन तापमाने मिळाली आणि त्यातले तिसरे किमान 0.2 अंशांनी वर असले, तरच तो चढ खरा मानायचा.

तापमान मागचे सांगते, पुढचे सांगत नाही. पुढचे सांगतो तो स्राव, आणि हे शिकणे मला खरोखर कठीण गेले. ‘अंगावरून पांढरे जाते’ हे वाक्य मी आयुष्यभर केवळ आजाराच्या संदर्भात ऐकले होते. बाईंनी मला दिवसातून अनेकदा, लघवीला जाण्यापूर्वी, पुसून पाहायला आणि बोटांत धरून ताणायला सांगितले. पाळीनंतर काही दिवस कोरडे वाटते, मग चिकट, पिठाळ असे काहीतरी दिसू लागते, आणि नंतर एके दिवशी अंड्याच्या कच्च्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, निसरडा स्राव येतो, जो अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोन-तीन इंच न तुटता ताणला जातो. याच स्रावात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, आणि स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून 1995 मध्ये 221 स्त्रियांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गर्भधारणेचा काळ सहाच दिवसांचा आढळला: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. सहा दिवस म्हटले की सोपे वाटते. ते सहा दिवस कोणते, हे आधी कळत नाही, सगळी अडचण तिथेच आहे.

नेमक्या याच स्रावावरून दुसऱ्या डॉक्टरांची गाठ पडली. पहिल्या डॉक्टर रजेवर असताना मी एका तरुण डॉक्टरांकडे गेले होते. अर्धशिशीच्या गोळ्यांबद्दल विचारता विचारता मी नोंदींचा विषय काढला आणि पारदर्शक, ताणला जाणारा स्राव महिन्यातून चार-पाच दिवस येतो, असे सांगितले. खाज नाही, वास नाही, जळजळ नाही, हेही मी सांगितले होते. तरीही त्यांनी बुरशीच्या संसर्गावरची गोळी लिहून दिली. तपासले नाही. नैसर्गिक पद्धतीबद्दल मात्र ते मोठ्या मनाने म्हणाले, ‘‘काही हरकत नाही, हल्ली मोबाइलवर अ‍ॅप मिळते, त्यात पाळीची तारीख टाका, सुरक्षित दिवस हिरवे दिसतात.’’ त्यांनी माझी चक्रे किती दिवसांची असतात हे विचारले नाही, पुन्हा दिवस राहिले तर काय कराल हे विचारले नाही, आणि माझ्या पिशवीत घडी घालून ठेवलेला तक्ता पाहण्याचा प्रश्नच आला नाही.

ते अ‍ॅप मी कुतूहलाने घेतले आणि माझ्या तक्त्याशी ताडून पाहिले. माझे चक्र बहुधा एकोणतीस दिवसांचे. अ‍ॅपने त्यातून सरळ चौदा वजा केले आणि पंधराव्या दिवशी बीज बाहेर पडेल असे धरून सतराव्या दिवसापासून हिरवा रंग दाखवला. माझ्या तक्त्यात तापमान चढत होते विसाव्या दिवशी. सतराव्या आणि अठराव्या दिवसाच्या चौकोनात माझ्याच अक्षरात ‘निसरडा, ताणला जातो’ असे लिहिलेले होते. म्हणजे सर्वांत धोक्याचे दोन दिवस त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हिरवे होते. पहिल्या डॉक्टरांच्या नकाराने माझा अपमान झाला होता. या होकाराने माझ्या पोटात गर्भ राहिला असता. नकारापेक्षा असा बेफिकीर होकार अधिक घातक आहे, या मताला मी तेव्हापासून धरून आहे. सगळी अ‍ॅप सारखी नसतात, हे खरे. तापमानाच्या नोंदींवर चालणाऱ्या एका अ‍ॅपला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली आहे. पण केवळ पाळीची तारीख घेऊन अंदाज बांधणारे अ‍ॅप आणि शरीराची रोजची खूण पाहणारी पद्धत यांत फरक आहे, एवढे तरी सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे.

तीन चक्रांनंतर आम्ही पद्धत प्रत्यक्ष वापरू लागलो. तिचे खरे ओझे काय असते ते सांगते, कारण पुस्तके ते एका ओळीत उरकतात. पहिल्या बारा चक्रांत पाळीचे पहिले पाचच दिवस मोकळे धरायचे असतात. सहाव्या दिवसापासून, तापमानाचा तिसरा चढता दिवस आणि स्रावाच्या शेवटच्या उत्तम, म्हणजे पारदर्शक आणि निसरड्या दिवसानंतरचा तिसरा दिवस, या दोहोंपैकी जो नंतर येईल त्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत थांबायचे. माझे चक्र उशिराचे असल्याने हे थांबणे सहाव्यापासून बाविसाव्या दिवसापर्यंत चाले, म्हणजे महिन्यातले अर्ध्याहून अधिक दिवस. वर्ष उलटल्यावर स्वतःच्या नोंदींवरून हिशेब करता येतो: तापमान ज्या सर्वांत लवकरच्या दिवशी चढले त्यातून आठ वजा करायचे. माझा तो दिवस अठरावा होता, म्हणून दहा दिवस मोकळे मिळू लागले, अर्थात स्राव त्याआधी दिसला तर तिथेच थांबायचे. पहिले वर्ष आमच्यासाठी अवघड गेले. एकमेकांवर चिडलो, एक-दोनदा अबोलाही झाला. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी ही पद्धत घेऊ नये आणि ‘जमत नाही’ म्हणण्यात कमीपणा मानू नये.

पाचव्या चक्रात मला ताप आला. अकराव्या ते तेराव्या दिवसापर्यंतची तापमाने आम्ही गोल करून बाद केली. स्राव सुरू होऊन पुन्हा आटला आणि एकविसाव्या दिवशी नव्याने आला. आजारपणात शरीर बीज पुढे ढकलू शकते, हे बाईंनी शिकवले होते, म्हणून आम्ही थांबून राहिलो. पंचविसाव्या दिवशी तापमान चढले. तरीही तेहतिसाव्या दिवशी पाळी आलेली नाही हे पाहून माझा धीर सुटला. चोवीसचा आकडा मनातून गेला नव्हताच. मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले.

त्या म्हणाल्या, ‘‘मी म्हटले नव्हते का?’’ आणि गर्भाचे आठवडे मोजायची टेबलावरची गोल चकती फिरवली. मागच्या पाळीच्या तारखेवर बाण ठेवला आणि सांगितले, ‘‘चार आठवडे चार दिवस.’’ लघवीची तपासणी केली, ती नकारात्मक आली. तेव्हा त्यांनी रक्ताची तपासणी आणि आठवड्याने सोनोग्राफी लिहून दिली. मी तक्ता पुढे केला. चोविसाव्या दिवसाच्या आसपासपर्यंत बीज बाहेर पडले नव्हते, आम्ही आधीपासून थांबलेलो होतो, आणि माझ्या आजवरच्या प्रत्येक चक्रात चढ झाल्यावर नऊ-दहा दिवसांनी पाळी आलेली आहे, म्हणजे ती उद्या-परवा येईल, असे मला त्यावरून दाखवायचे होते. त्यांनी कागद हातात घेतला, घडी न उघडताच केस पेपरखाली सरकवला आणि म्हणाल्या, ‘‘या कागदांवर विसंबू नका.’’ पस्तिसाव्या दिवशी पाळी आली.

त्या दिवशीची ती गोल चकती माझ्या मनात रुतून बसली. प्रसूतीची तारीख शेवटच्या पाळीपासून 280 दिवस मोजून काढायची ही रीत जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे, आणि तिच्यामागे असे गृहीत आहे की चक्र अठ्ठावीस दिवसांचे असते आणि बीज चौदाव्या दिवशी बाहेर पडते. माझे बीज त्या महिन्यात चोविसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडले होते. म्हणजे ज्या तारखा मोजण्याच्या पद्धतीवरून मला बाळंतपणाला नाव नोंदवायला सांगितले गेले, तीच पद्धत चकतीच्या रूपाने डॉक्टरांच्या टेबलावर होती, आणि तिच्याहून अधिक नेमकी माहिती असलेला कागद त्यांच्याच केस पेपरखाली घडी घातलेला पडून होता. ओगिनो यांनी जपानमध्ये 1924 साली आणि त्यानंतर काही वर्षांनी क्नाउस यांनी ऑस्ट्रियात जे दाखवून दिले, ते हेच होते की बीज बाहेर पडण्याचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे नव्हे, तर येणाऱ्या पाळीपासून मागे मोजायचा असतो. त्या शोधातून तारखांची पद्धत निघाली, तिच्या उणिवा लवकरच ध्यानात आल्या, आणि पुढे ऑस्ट्रेलियातील बिलिंग्ज दांपत्याने स्रावावर व ऑस्ट्रियातील रोत्सर यांनी स्राव आणि तापमान यांच्या जोडीवर काम केले. हा प्रवास वैद्यकानेच केलेला आहे आणि तो करणारे स्वतः डॉक्टर होते. तरी सर्वसामान्य दवाखान्यात हा विषय निघाला की घड्याळाचे काटे तारखा मोजण्यापाशीच थांबलेले असतात.

तिसऱ्या डॉक्टरांकडे मला मेंदूविकारतज्ज्ञांनी पाठवले. अर्धशिशी वारंवार येऊ लागल्याने ते मला व्हॅलप्रोएट हे औषध सुरू करण्याच्या विचारात होते आणि गर्भनिरोधनाची खात्री करून घ्या, असे त्यांनी चिठ्ठीत लिहिले होते. या नव्या डॉक्टर वयाने पहिल्यांच्या बरोबरीच्या. मी ‘नैसर्गिक पद्धत’ म्हणाले तेव्हा त्यांनी आधी विचारले, ‘‘कोणती?’’ मला आजवर कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी तक्ते काढले. त्यांनी ते टेबलावर शेजारी शेजारी पसरले, चष्मा कपाळावर चढवला, पेन्सिल घेतली आणि एकेका चक्रातील चढत्या तापमानाचे दिवस मोजू लागल्या. नऊ, दहा, नऊ, दहा, दहा, नऊ. मध्येच म्हणाल्या, ‘‘एक आधीच सांगते. हे वाचायला मला शिक्षणात कोणी शिकवले नाही. पाठ्यपुस्तकात अर्धे पान होते. मी नंतर गर्भधारणा होत नसलेल्या जोडप्यांबरोबर काम करताना शिकले, त्यामुळे चुकले तर मला थांबवा.’’

मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्यांतली पहिली माझ्या बाजूने नव्हती. व्हॅलप्रोएट घेताना गर्भ राहिला तर बाळाच्या मेंदूवर आणि पाठीच्या कण्यावर गंभीर परिणाम होऊ शकतात. ‘‘हे औषध सुरू होणार असेल तर मी तुम्हाला या पद्धतीवर राहू देणार नाही. तुमच्या नोंदी चांगल्या आहेत, पण ही पद्धत रोजच्या वागण्यावर उभी आहे आणि इथे एका चुकीची किंमत फार मोठी आहे.’’ जागतिक आरोग्य संघटनेचे निकष त्यांनी मला उघडून दाखवले. इतर बहुतेक साधनांना तिथे एक ते चार असे वर्ग असतात. नैसर्गिक पद्धतींसाठी वेगळी अक्षरे आहेत: स्वीकारावी, सावधगिरीने वापरावी, किंवा सध्या पुढे ढकलावी. ज्या स्त्रीच्या बाबतीत गर्भधारणा हाच मोठा धोका आहे, तिला ही पद्धत योग्य नसू शकते हे स्पष्ट सांगावे, असेही तिथे आहे. मला तो नकार ऐकून वाईट वाटले, पण अपमान वाटला नाही. कारण या नकाराला कारण होते, ते माझ्या प्रकृतीतून आलेले होते, आणि तो तक्ते पाहिल्यानंतर दिलेला होता. त्यांनी त्याच वेळी मेंदूविकारतज्ज्ञांना फोन लावला. माझ्यासमोरच दोघांचे बोलणे झाले आणि व्हॅलप्रोएटऐवजी आधी प्रोप्रॅनोलॉल देऊन पाहायचे ठरले. म्हणून पद्धत चालू राहिली. ते औषध मला लागू पडले नसते तर मी ती सोडली असती.

दुसरी गोष्ट चढत्या दिवसांची. नऊ-दहा दिवस हे थोडे कमी आहेत आणि पाळीपूर्वीचे तापमानही एकूण खालच्या बाजूला आहे, असे त्या म्हणाल्या. थकवा येतो का, थंडी जास्त वाजते का, केस गळतात का, असे त्यांनी विचारले. तिन्हींचे उत्तर होय असेच होते आणि मी ते सगळे वयाच्या आणि कामाच्या खात्यावर टाकले होते. ‘‘तक्त्यावरून निदान होत नाही,’’ असे त्यांनी दोनदा बजावले, ‘‘तक्ता फक्त कुठे पाहायचे ते सांगतो.’’ रक्ताच्या तपासणीत थायरॉईड मंद असल्याचे निघाले. गोळी सुरू झाल्यावर चार-पाच चक्रांत चढते दिवस अकरा-बारापर्यंत गेले आणि माझा थकवाही उतरला. पहिल्या डॉक्टरांनी तो कागद उघडला असता तर हे आठ महिने आधी कळले असते का, हे मी सांगू शकत नाही. कदाचित त्यांच्याही लक्षात आले नसते. पण पाहिलेच नाही, याची खंत मला अजून वाटते.

त्या भेटीत त्यांनीही केस पेपर भरला. ‘साधन’ या रकान्यात त्यांनी लिहिले: ‘तापमान व स्राव, नोंदी नियमित, प्रशिक्षण झालेले.’ मी ते उलटे दिसत असतानाही पुन्हा पुन्हा वाचत होते.

थायरॉईडचा अहवाल घेऊन मी पहिल्या डॉक्टरांकडे मुद्दाम गेले. भांडायला नव्हे, माझी सहा वर्षांची कागदपत्रे त्यांच्याकडे होती आणि त्यांत हा अहवाल असावा असे मला वाटत होते. त्या दिवशी गर्दी कमी होती. त्यांनी तक्ता मागून घेतला आणि या वेळी उघडला. बराच वेळ पाहिल्यावर त्या जे बोलल्या त्याने माझा त्यांच्यावरचा राग बराचसा निवळला. ‘‘माझ्याकडे या पद्धतीतल्या फक्त फसलेल्या येतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जिचे सगळे नीट चालले आहे ती कशाला येईल? वीस वर्षांत रडत आलेल्या किती बायका पाहिल्या असतील, त्यांची गणती नाही. तुम्ही विचारले तेव्हा मला त्या दिसल्या, तुम्ही दिसला नाहीत.’’ रडत येणाऱ्या त्या स्त्रियांपैकी किती जणी काय करत होत्या, हे त्यांनी कधी विचारले होते का, असे मी विचारले. ‘‘विचारले असेल तर ‘दिवस पाळत होतो’ एवढेच उत्तर मिळाले असेल, आणि पुढे विचारायला वेळ नसतो,’’ असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

वेळेची ही गोष्ट मी हलकी मानत नाही. गोळी लिहून द्यायला दोन मिनिटे पुरतात, तांबी बसवायला दहा-पंधरा. ही पद्धत शिकवायला मला शिकवणाऱ्या बाईंना माझ्याबरोबर सहा बैठका घ्याव्या लागल्या आणि प्रत्येक चक्रानंतर तक्ता तपासावा लागला. दहा मिनिटांत एक रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. माझी अपेक्षा त्याहून फार कमी होती आणि आजही तेवढीच आहे: ‘कोणती पद्धत’ हे विचारावे, स्वतःला शिकवता येत नसेल तर शिकवणाऱ्याकडे पाठवावे, आणि पुढे केलेला कागद उघडावा. पद्धत कोणासाठी योग्य नाही हेही डॉक्टरांनीच सांगायचे आहे. नुकतेच बाळंतपण झालेल्या, गोळ्या नुकत्याच सोडलेल्या किंवा रजोनिवृत्तीजवळ आलेल्या स्त्रियांची चक्रे वाचणे अवघड असते, आणि लैंगिक संसर्गापासून ही पद्धत कोणतेच संरक्षण देत नाही. हे सर्व मला डॉक्टरांनी नव्हे, बाईंनी सांगितले.

आज मी बेचाळिसाव्या वर्षात आहे. पद्धत सुरू करून साडेतीन वर्षे झाली आणि नको असताना दिवस राहिले नाहीत. गेली तीन चक्रे मात्र तेवीस, चौतीस आणि सव्वीस दिवसांची झाली, आणि त्यांतल्या चौतिसाच्या चक्रात तापमान चढलेच नाही, म्हणजे बीज बाहेर पडलेच नसावे. तापमान चढण्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांचा हिशेब आता विश्वासाचा राहिला नाही, म्हणून तिसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही फक्त चढ पक्का झाल्यानंतरचेच दिवस धरतो, आणि तो चढ कधी येईल हे सांगता येत नाही. पुढची तीन चक्रे अशीच गेली तर ही पद्धत थांबवायची, असे आमचे तिघांचे बोलणे झाले आहे. नवरा नसबंदीला तयार आहे आणि त्याने त्याची माहितीही घेऊन ठेवली आहे. पुढच्या भेटीला मी सहाही तक्ते घेऊन जाणार आहे, आणि थर्मामीटर आजही उशाशीच आहे.